हाकेच्या अंतरावरचा वळसा

घाईबाईला सरळ रस्त्याने जाताना कुणी पाहिलं असेल तर त्याने पुढे यावं. अख्ख्या शहरात असा साक्षीदार मिळायचा नाही. नाकासमोर चालणं तिला जन्मात जमलं नाही. लाकडाच्या वखारीतून आत, छापखान्याच्या बोळातून बाहेर, कुणाच्या तरी परसातून, कपड्यांच्या दोरीखालून वाकून, "आहे का कुणी घरात? जातेय हो!" असं ओरडत मागच्या दाराने शिरून पुढच्या दाराने ती पसार व्हायची. घरातली माणसं "बसा तरी" म्हणेपर्यंत ती पलीकडच्या गल्लीला लागलेली असायची. तिचं खरं नाव दवाखान्याच्या पाटीवर होतं. पाटी उतरली, नाव गेलं, घाईबाई तेवढी राहिली.

घाई होती ती कामाची. महापालिकेच्या दवाखान्यात ती नर्स होती, आणि निवृत्त झाल्यावरही घरोघर जाऊन इंजेक्शनं देणं, जखमा धुणं, पट्ट्या बदलणं तिने सोडलं नाही. "घरी बसून काय करू, भिंतींशी बोलू?" असं ती म्हणायची. भिंतीशी बोलायची वेळ पुढे तिच्यावर खरोखरच आली, पण ते पुढे.

जुनं शहर काही फार शहाणं नव्हतं. वाकडंतिकडं, दाटीचं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. पण एवढी अक्कल त्याला होती, की आत शिरलेला माणूस कुठून ना कुठून बाहेर पडायचा. एका बोळात कुणी वाळू टाकून ठेवली तर बाजूचे चार बोळ मोकळे. घाईबाईने आपल्या उमेदीच्या काळात एका सकाळीत जेवढी घरं उरकली, तेवढी आता तिला आठवड्यात होत नाहीत. आणि लोक म्हणतात वय झालं! वय झालं असेल, नाही कोण म्हणतंय. पण पाय तेच आहेत, रस्ते पळालेत.

कारण मग शहर वाढायला लागलं. सगळे वाढलं म्हणतात. घाईबाईच्या मते ते वाढलं नाही, लांबलं. वीटभट्ट्या गेल्या, शेतं गेली, आणि ज्याने त्याने आपापला तुकडा घेऊन त्याभोवती भिंत घातली. एका बाजूला एकच फाटक ठेवलं, आतले रस्ते वळवून वळवून शेवटी एका गोलात नेऊन सोडले. त्या गोलात गाडी वळते. चालत आलेल्या माणसाने तिथे काय करायचं हे कुणी सांगत नाही. बहुधा त्यानेही गोल फिरून परत जायचं. शेजारच्या वसाहतीचा रस्ता आपल्या रस्त्याला जोडावा असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. सगळी फाटकं मोठ्या रस्त्यावर, म्हणून सगळं शहर मोठ्या रस्त्यावर, म्हणून तो तुंबला, म्हणून तो रुंद केला, आणि रुंद केला म्हणून तो ओलांडायची सोय राहिली नाही. याला नियोजन म्हणतात म्हणे.

घाईबाईचं घर या सगळ्याच्या ऐन काठावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची, मागे हातभर परसू. नवऱ्यानेच बांधलेलं. नवरा गवंडी, सगळे त्याला मिस्त्री म्हणतात, घाईबाईसुद्धा लोकांसमोर मिस्त्रीच म्हणते. मिस्त्री बोलायला महाकंजूष. पण ओळंब्यात नसलेली भिंत दिसली तर या माणसाला घास गिळवत नाही, आणि मंगळवारी काम देतो म्हणाले तर मंगळवारीच देणार, मग आभाळ कोसळो. पूर्वी परसाच्या मागे मोकळं मैदान होतं आणि त्यातून आडवी पायवाट. सगळी गल्ली घाईबाईच्या परसातून त्या वाटेने जायची. पुढे मैदानावर इमारती उभ्या राहायला लागल्या, आणि मैदानाच्या कडेने पत्रे ठोकले गेले. एक पत्रा कामगारांनी सोयीसाठी वाकवून ठेवला होता. ती फट. सगळं रामायण त्या फटीपासून सुरू झालं.

घाईबाईची थोरली बहीण, ताई, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ताई शाळेत गणित शिकवायची आणि चालायचीही गणितासारखीच. लहानपणी दोघी एकाच शाळेत जायच्या, पण एका वाटेने कधी नाही. ताई मोठ्या रस्त्याने, डाव्या बाजूने, दप्तर दोन्ही खांद्यांवर. घाईबाई वखारीतून. घाईबाई आधी पोचून शाळेच्या पायरीवर बसून राहायची, आणि ताई आली की तिच्या केसांतला भुसा झटकत म्हणायची, "एक दिवस अडकशील कुठेतरी." अडकल्या शेवटी दोघीही.

ताईचे यजमान गेले, मुलगा लांबच्या शहरात स्थिरावला, आणि ताईच्या घोट्याजवळ एक जखम झाली ती काही केल्या भरेना. रोज धुवायची, रोज पट्टी बदलायची. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घाईबाई म्हणाली, माझ्याकडे ये. ताई म्हणाली, "पाहुणी म्हणून येईन. राहायला यायची नाही. मिस्त्रींच्या घरात मी कोण?" यावर वाद घालून उपयोग नव्हता. ताईने एकदा उत्तराखाली रेघ मारली की मारली.

मग घाईबाईला मागच्या इमारती दिसल्या. रोजच दिसत होत्या, पण त्या दिवशी दिसल्या. तिने ताईला रिक्षात घालून घरी आणलं, परसात नेलं, वाकवलेला पत्रा आणखी जरा वाकवला आणि म्हणाली, "चल."

"इथून?" ताई म्हणाली.

"मग काय, वरात काढून जायचं? दोन पावलं तर आहेत."

ताई आयुष्यात पहिल्यांदा आडवाटेने गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभी राहिली तर समोर घाईबाईची गच्ची, दोरीवर मिस्त्रींचा सदरा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उकळणारं दूध.

"अगं, दूध उतू जातंय तुझं!" ताई म्हणाली, आणि तिथेच सौदा ठरला. हाकेच्या अंतरावर बहीण. लिफ्ट आहे. आणखी काय हवं? कागदांवर सह्या झाल्या, सामान आलं. आणि या सगळ्या व्यवहारात दोघींपैकी एकीनेही वसाहतीचं फाटक कुठल्या बाजूला आहे हे पाहिलं नाही. ताईने पाहिलं नाही कारण घाईबाई बरोबर होती. घाईबाईने पाहिलं नाही कारण फाटकातून जाणं हा प्रकारच तिला माहीत नव्हता. मागच्या दाराने घर पाहून विकत घेणारी माणसं या जगात दुसरी कुणी असतील असं वाटत नाही.

ताई राहायला आली आणि महिनाही लोटला नसेल, घाईबाई इंजेक्शनं उरकून घरी आली तर परसामागे पत्रे नव्हते. पत्र्यांच्या जागी विटा होत्या. छातीएवढी भिंत उभी राहिली होती, आणि तिच्यामागून मिस्त्रींचं डोकं आणि हातातली थापी दिसत होती.

"अहो!" घाईबाई किंचाळली. "हे काय करताय?"

"भिंत," मिस्त्री म्हणाले.

"भिंत दिसतेय मला! माझ्या बहिणीला चिणताय की काय आत?"

"नकाशात आहे."

"आणि दार? दार कुठाय?"

"नकाशात नाही."

मिस्त्रींचं म्हणणं असं, की भिंतीचं काम त्यांच्याकडे इमारतीच्या पायापासून होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं, तर बायकोलाही असणारच. बायकोचं म्हणणं काय होतं ते गल्लीने ऐकलं, पलीकडच्या वसाहतीने ऐकलं, ते इथे सांगत बसत नाही. "घरचा भेदी" या शब्दांनी सुरुवात झाली एवढं पुरे. "निदान एक कोपरा तरी कच्चा ठेवा," असं ती शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली. मिस्त्रींनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने त्यांना चोरी करायला सांगितलं होतं. भिंत झाली. ठरल्या दिवशी झाली. अशी पक्की, की रानडुक्कर आदळलं तरी त्याचंच डोकं फुटावं.

आता ताईकडे जायचं कसं? तर घराच्या पुढच्या दाराने बाहेर पडायचं, म्हणजे भलत्याच दिशेला. गल्ली संपवून मोठ्या रस्त्याला लागायचं. तिथे पायी चालायला म्हणून जी पट्टी आहे तिच्यावर विजेचे खांब चालतात, माणूस गटाराच्या झाकणांवरून चालतो. दुभाजकाला मध्ये कुठे फट नाही, म्हणून चौकापर्यंत जायचं, चौकात जीव मुठीत धरून पलीकडे व्हायचं आणि तेवढंच अंतर परत यायचं. मग फाटक. फाटकावर पहारेकरी.

"कुणाकडे?"

"कालच्याकडेच."

"नाव लिहा, नंबर लिहा. वर फोन करतो."

पहारेकऱ्याची आई गुडघेदुखीने बेजार होती आणि तिला घाईबाई इंजेक्शन देऊन आली होती. तरी रोज "कुणाकडे?" त्याचाही नाइलाज होता, कॅमेरा बघत असतो म्हणाला. फाटकातून आत गेलं की वळणावळणाचा रस्ता, कारण सरळ रस्ता दिसायला बरा दिसत नाही. एक कारंजं, ते बंद. मग शेवटची इमारत. ताईच्या दारात पोचेपर्यंत घाईबाईच्या तोंडाला फेस आलेला असायचा. रिक्षा केली तर ती आणखी लांबच्या पुलाखालून वळून यायची. आणि बाल्कनीत जाऊन पाहावं तर खाली, अगदी थुंकलं तर पडेल इथे, स्वतःचं परसू.

घाईबाईची जुनी घरं एकेक करून सुटायला लागली. शिलाईवाल्या आजीचं पाठीवरचं गळू आता तिच्या नातीने धुवायचं. छापखान्याच्या मालकाने दुसरी नर्स पाहिली. एका बहिणीचा पाय धुण्यात अर्धा दिवस जायचा, आणि त्यातला पाय धुण्याचा वेळ चहा गार होण्याइतकासुद्धा नव्हता. "द्राविडी प्राणायाम नुसता," ती पट्टी गुंडाळता गुंडाळता बडबडायची. ताई म्हणायची, "घट्ट बांधतेस. राग भिंतीचा, पाय माझा."

उरलेलं बोलणं हाका मारून व्हायचं. घाईबाई गच्चीवर, ताई बाल्कनीत. औषध घेतलं का, दूध आलं का, तुझा मुलगा काय म्हणाला, त्याला म्हणावं जरा लाज बाळग. वसाहतीने ताईला समज दिली, की बाल्कनीतून ओरडणं इथल्या वातावरणाला शोभत नाही. त्यांना शांतता हवी म्हणून ते इथे आले होते. त्यानंतर दोघी फोनवर बोलायला लागल्या, एकमेकींकडे बघत.

मग एक दिवस मोठ्या रस्त्यावर एका ट्रकच्या आरशात घाईबाईच्या खांद्यावरची पिशवी अडकली. तिला काही झालं नाही, फक्त ती गरकन फिरली आणि दुभाजकाला टेकून उभी राहिली. पण पिशवी फाटली आणि पट्ट्यांची भेंडोळी रस्ताभर उलगडत गेली, त्यांच्यावरून गाड्या गेल्या. घाईबाईने ही गोष्ट ताईला हसत हसत सांगितली. ताई हसली नाही. तिने त्याच संध्याकाळी मुलाला फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी पाय पुढे करता करता सांगून टाकलं.

"पुढल्या महिन्यात तो न्यायला येतोय. जाते मी त्याच्याकडे."

"आणि हा फ्लॅट?"

"राहील बंद. तू माझ्यापायी त्या रस्त्यावर मरशील एक दिवस, ते मला बघायचं नाही."

घाईबाईने पट्टी बांधली आणि पिशवी उचलली. येताना तिने सगळा वळसा रडत घातला, आणि रडताना तिला राग आला तो याचा, की रडायलाही एवढा लांब रस्ता.

दुसऱ्या दिवशी ती कंबर कसून उठली. वसाहतीची बैठक होती, ताई तिथली मालकीण, तिला विषय मांडायचा हक्क होता. भिंतीत एक छोटं फाटक करावं, एवढाच विषय. सेक्रेटरी मोठे गोड बोलणारे गृहस्थ.

"बाई, तुमची अडचण आम्हाला समजते," ते म्हणाले. "पण आज एक फाटक उघडलं की उद्या कोणीही आत येईल."

"कोणीही म्हणजे कोण?" घाईबाईने विचारलं.

"म्हणजे... कोणीही."

"ती कोणीही म्हणजे मीच. तुमच्या सासूबाईंना इंजेक्शन द्यायला येते ना, तीच."

"तुमची गोष्ट वेगळी आहे."

"मग माझ्यापुरतं करा फाटक."

"असं एकापुरतं करता येत नाही हो."

"मग सगळ्यांपुरतं करा."

"सगळ्यांपुरतं तर मुळीच नाही!" सेक्रेटरी दचकून म्हणाले, आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

घाईबाईला वाटलं, आपली गल्ली तरी पाठीशी उभी राहील. ती शेजारच्या घड्याळजींकडे गेली. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते, ते त्यांनी काढलंसुद्धा नाही.

"पलीकडची माणसं आपल्या गल्लीतून ये-जा करणार? त्यांच्या गाड्या आपल्या दारात लागणार? आपली गल्ली काय धर्मशाळा आहे?"

"तुम्ही इतकी वर्षं माझ्या परसातून दूध आणायला जात होता, ते काय होतं?"

"ते वेगळं," घड्याळजी म्हणाले.

एकूण काय, ज्याचं त्याचं वेगळं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये नवऱ्याने बांधलेली भिंत. त्या दिवशी घाईबाई परसात उभी राहून भिंतीला नको नको ते बोलली. मिस्त्री आत बसून ऐकत होते. ते उठून बाहेर आले, भिंतीवरून हात फिरवला, आणि काही न बोलता परत आत गेले. तेवढ्यानेही ती आणखी भडकली. माणसाने एवढं मुकं असू नये.

आणि मग, ताईचा मुलगा यायला थोडे दिवस उरले असताना, वसाहतीचं गटार तुंबलं.

वरती शहराचे कितीही तुकडे पडलेले असोत, जमिनीखाली सगळं शहर एक आहे. वसाहतीचं सांडपाणी भिंतीखालून येऊन घाईबाईच्या गल्लीतल्या मोठ्या नळाला मिळतं. तिथेच ते अडलं. तळमजल्यावर गाड्या उभ्या असतात तिथे घाण पाणी साचलं, आणि वसाहतीच्या वातावरणाला काय शोभतं आणि काय नाही हा प्रश्नच मिटला. फाटकाच्या विषयाला दोन बैठका लागून निकाल नव्हता. गटाराच्या विषयाला बैठकच लागली नाही. सकाळी सेक्रेटरींचा मिस्त्रींना फोन आला, "भिंत कधी फोडता?" दुपारी मिस्त्री घण घेऊन उभे. स्वतःची भिंत फोडताना त्यांचा घाम निघाला, इतकी ती पक्की. खोदायला दोन बिगारी होते. पण संध्याकाळपर्यंत परसामागे दारापेक्षा रुंद खिंडार पडलं, खाली चर खणला गेला आणि चरावर येण्याजाण्यासाठी एक फळी टाकली गेली.

"घाण पाण्याला लगेच वाट," घाईबाई म्हणाली. "माणसाला पुढच्या बैठकीत." पण हे बोलताना तिच्या हातात पिशवी होती आणि एक पाय फळीवर होता.

ते दिवस कसे गेले ते तिला कळलंच नाही. सकाळी ती इकडे चहा गाळायची आणि तिकडे गरम प्यायची. आठवडाभरात तिने सुटलेली दोन घरं परत मिळवली. तिसऱ्या दिवशी ताई स्वतः आली, हातात काठी, एकेक पाऊल मोजून टाकत. फळीवर क्षणभर थांबून म्हणाली, "ही वखारीची वाट का गं?" आणि आत येऊन परसातल्या खुर्चीवर बसली. बसली ती दिवस मावळेपर्यंत. पुढे रोजच यायला लागली. आणि नुसती ताई नाही. धुणीभांडी करणाऱ्या बायका मोठ्या रस्त्याचा वळसा सोडून इथून जायला लागल्या. शाळा घाईबाईच्या गल्लीच्या तोंडाशी. वसाहतीतली मुलं तिथे बसने जायची, आता ती पळत जायला लागली. एका सकाळी तर खुद्द सेक्रेटरी फळीवरून तोल सावरत आले आणि घड्याळजींच्या दुकानात शिरले. बंद पडलेलं घड्याळ घेऊन आले होते. घड्याळजींनी त्यांना स्टूल पुढे केलं. दोघं तासभर गप्पा मारत बसले, काय तर म्हणे आजकालची घड्याळं.

घाईबाई हे सगळं बघायची आणि तिचं काळीज कुरतडत राहायचं. नळ बदलला गेला, चर बुजला. आता भिंत. भिंत झाली की ताई मुलाकडे जाणार, आणि तो लांबचा रस्ता कुठल्याच बोळातून कापता येणार नव्हता.

पण मिस्त्रींचं काम काही सुरू होईना. सोमवारी म्हणाले वाळू बरी नाही. बुधवारी म्हणाले ओळंब्याचा दोर तुटलाय. ज्या माणसाने उभ्या हयातीत दिलेला वार चुकवला नाही, तो सेक्रेटरींना तोंडावर थापा मारत होता आणि धड थापाही मारता येत नसल्यामुळे कानापर्यंत लाल होत होता. "विटा कमी पडल्यात," असं त्यांनी शेवटी सांगितलं. घाईबाई खिडकीतून ऐकत होती. इतके दिवस या माणसावर आपण भिंत फोडल्यासारखं तुटून पडलो याचं तिला फार वाईट वाटलं, आणि लगेच रागही आला: हे आधी सुचलं असतं तर?

त्याच दिवशी ताई मागच्या दारातून स्वयंपाकघरात यायला निघाली आणि थबकली. दाराचा उंबरा उंच होता. रोज तिला दोघांनी धरून चढवावं लागायचं. आज उंबऱ्याशी एक बुटकी, रुंद पायरी होती. नवी, कडा गोल केलेली, बाजूला हाताने धरायला लोखंडी नळी.

"हे कधी केलंत, मिस्त्री?" ताईने विचारलं.

मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले, "विटा उरल्या होत्या."

ताईने पायरीवर पाय ठेवला, नळी धरली, आणि एकटी आत आली. घाईबाई गॅसपाशी कुणाच्या तरी सुईची डबी शोधत होती. तिने पाहिलं, पण घाईत पाहिलं.

शनिवारी सेक्रेटरी स्वतः विटा घेऊन आले. टेम्पो मोठ्या रस्त्याने, फाटकातून, कारंज्याला वळसा घालून आला. "आज संध्याकाळच्या आत," ते म्हणाले, आणि उभे राहिले. आता थापेला जागाच नव्हती. मिस्त्रींनी दोर बांधला, ओळंबा सोडला, पहिला थर लावला. रविवारी ताईचा मुलगा यायचा होता.

ताई सकाळीच आली होती. येताना काठीबरोबर खांद्याला एक पिशवी होती. चहा पिऊन ती परसातल्या खुर्चीवर, पाय स्टुलावर ठेवून बसली. थर चढत गेले. गुडघ्याएवढे झाले तेव्हा घाईबाई म्हणाली, "ताई, आता निघ. अजून ओलांडता येईल, मी धरते."

"बसू दे गं जरा."

कमरेएवढे झाले. मिस्त्री थांबले, थापी हातात धरून त्यांनी ताईकडे पाहिलं.

"ताई, पुढचा थर लावू का?"

"लावा."

"अगं लावा काय!" घाईबाईचा जीव वरखाली व्हायला लागला. "अहो, तुम्ही थांबा! ताई, ऊठ बघू. खुर्ची आणते, खुर्चीवरून उतरवू तुला पलीकडे. नाहीतर मोठ्या रस्त्याने जायचं म्हणजे संध्याकाळ होईल, तुझा पाय, ती गर्दी, तो चौक... तुला कधी घाई म्हणून नाहीच! लहानपणापासून अशीच!"

ताई चहा पीत होती. पिशवी तिच्या मांडीवर होती, आणि तिच्यातून औषधांचा डबा, चष्म्याचं घर आणि तिची नेहमीची पांघरायची चादर डोकावत होती. मिस्त्रींनी ते सकाळीच पाहिलं होतं. त्यांनी पुढची वीट उचलली, तिच्यावर माल थापला आणि ती जागेवर बसवली. पलीकडच्या सेक्रेटरींचं आता नुसतं डोकं दिसत होतं, मग तेही दिसेनासं झालं.

"मुलाला फोन केला सकाळी," ताई म्हणाली. "सांगितलं, येऊ नकोस."

घाईबाईला ते ऐकूच गेलं नाही. ती भिंतीकडे बघत होती. "बघ, झाली बंद! आता? आता जाशील कशी?"

ताईने कप खाली ठेवला आणि पाय स्टुलावर नीट सरकवला, पट्टी बदलायला सोयीचा पडेल असा.

"कोण जातंय?" ती म्हणाली.